असे करू नका

नगरपालिकेच्या कलादालनात माझा फोटो लागला आहे ही बातमी खरं तर मला सगळ्यात आधी कळायला हवी होती. ती कळली समोरच्या वहिनींकडून. म्हणजे त्याआधी ती अख्ख्या इमारतीला कळून शिळी झालेली होती. वहिनी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊजी, पाहिला हो तुमचा फोटो! केवढा मोठा लावलाय! आत शिरलं की समोर तुम्हीच." मी "या ना, चहा घेऊन जा" म्हणेपर्यंत त्या तोंड फिरवून आपल्या घरात पळाल्या. वहिनी चहाला नाही म्हणाल्या, तेव्हाच मला कळायला हवं होतं की कुठेतरी पाणी मुरतंय.

पण मी खुशीत होतो. आमच्या कलादालनाला चित्रकार मिळेनासे झाले की नगरपालिका तिथे माहितीची प्रदर्शनं भरवते. मागे 'दातांची निगा' होतं. त्याच्या आधी 'उंदीर आणि आपण'. उंदरांना गर्दी चांगली झाली होती म्हणे. या वेळी पाणीखात्याची पाळी होती आणि विषय होता 'पाणी जपून वापरा'. आता या विषयात मला वगळून कोणाला पुढे जाता येईल असं मला तरी वाटत नाही. मी लग्नाच्या पंगतीतून उठून मंगल कार्यालयाचे गळके नळ बंद करून आलेला माणूस आहे. लोक हसतात. हसोत बापडे.

शिवाय आमच्या इमारतीच्या पाण्याच्या मोटरची किल्ली माझ्याकडे असायची. खालच्या टाकीतलं पाणी वरच्या टाकीत चढवायचं, सकाळ-संध्याकाळ मोटर चालू करायची, आणि टाकी भरून वाहायच्या आत पळत जाऊन बंद करायची, मग घरोघरच्या नळांना ठरल्या वेळी पाणी सोडायचं नि बंद करायचं, हे काम माझं. मी निवृत्त झालो तेव्हा ऑफिसने मला घड्याळ दिलं आणि इमारतीने किल्ली दिली. घड्याळ बंद पडलं. किल्ली चालू राहिली. जिन्यात लोक थांबून विचारायचे, "काका, आज पाणी लवकर सोडाल का? पाहुणे यायचेत." उभ्या नोकरीत मला इतक्या अदबीने कोणी काही विचारल्याचं आठवत नाही. मी लगेच हो म्हणत नसे. "बघू," म्हणायचो. सत्ता म्हणजे काय ते मला त्या 'बघू'मधून कळलं.

तर पाणीखात्याला प्रदर्शनासाठी एका जबाबदार नागरिकाचा फोटो हवा होता, आणि मी स्वतः जाऊन माझं नाव दिलं होतं. फोटोग्राफर घरी आला. तरुण होता, घाईत होता. त्याने मला अंगणात स्कूटरजवळ बादली आणि ओलं फडकं घेऊन उभं केलं. मी म्हटलं, "थांबा. योग्य काय ते लोकांना कळायला आधी अयोग्य काय ते दाखवावं लागतं. तुम्ही दोन्ही काढा."

तो म्हणाला, "काका, एकच पुरे."

मी म्हटलं, "तुम्हाला पुरे असेल. जनतेला नाही."

आणि दाखवायचंच तर नीट दाखवावं, या मताचा मी आहे. गच्चीवरच्या पिंपात मी पावसाचं पाणी साठवून ठेवतो. त्याचा पाइप खाली अंगणात सोडला आणि स्कूटर धुवायला घेतली. जसे बेजबाबदार लोक धुतात, तशी. आधी स्कूटरवर पाणी, मग स्कूटर सोडून भिंतीवर, मग भिंत सोडून सरळ आकाशात. तेवढ्यात आमची ही "अहो, चाललंय काय तुमचं?" करत बाहेर आली. तिच्या अंगावर फवारा गेला. ती किंचाळली. मग हसली. मग तिने पाइपाला हात घातला, आणि पुढे काय झालं ते मला नीट आठवत नाही, कारण चष्म्यावर पाणी होतं. त्यानंतर मी अंग पुसलं, कोरडा शर्ट घातला आणि बादली-फडक्याचा योग्य फोटो दिला. त्यात मी अजिबात हसलो नाही. योग्य गोष्ट करताना माणसाने दात दाखवू नयेत.

एवढं सगळं सांगितल्यावर पुढचं सुज्ञांनी ओळखलंच असेल. मी इस्त्रीचा शर्ट घालून कलादालनात गेलो. समोरच्या भिंतीवर मी होतो, छतापर्यंत उंच. डोक्यावर पाइप धरलेला, तोंड उघडं, सगळेच्या सगळे दात बाहेर. बाजूला आमची ही, निथळत, डोळे मिटून हसणारी. आणि आमच्या पायाखाली लाल पट्टी: 'असे करू नका'.

योग्य फोटो कुठेच नव्हता. शेजारी हिरव्या पट्टीवर 'असे करा' लिहिलं होतं आणि तिच्यावर एका नळाचं चित्र होतं. बंद नळाचं.

यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

मी तडक कलादालनाच्या व्यवस्थापिका बाईंकडे गेलो. त्या स्वतः चित्रकार आहेत, त्यामुळे बोलताना तुमच्याकडे न बघता तुमच्या मागच्या भिंतीकडे बघतात. म्हणाल्या, "भिंत आमची. भिंतीवरचं सगळं पाणीखात्याचं. प्रकाशयोजना तेवढी माझी. तुमच्या दातांवर काय सुंदर उजेड पडलाय, पाहिलंत का?"

मी म्हटलं, "बाई, तो उजेड माझ्या अब्रूवर पडलाय."

त्या म्हणाल्या, "मग पाणीखात्यात जा."

पाणीखात्यात एक इंजिनियर होते. फार सज्जन माणूस. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, प्यायला पाणी दिलं, अर्धाच ग्लास दिला म्हणून मला त्यांच्याबद्दल आदरही वाटला. म्हणाले, "फोटो आमचे, हे कबूल. पण कुठला लावायचा आणि खाली काय लिहायचं ते माहिती विभाग ठरवतो. आम्ही दोन्ही पाठवले होते. त्यांनी सांगितलं की बादलीवाला फोटो बघून पाणी वाचवायची इच्छाच होत नाही."

माहिती विभागाचे अधिकारी वेगळ्या जातकुळीचे निघाले. त्यांनी माझा अर्ज उलटा-सुलटा करून पाहिला. म्हणाले, "प्रदर्शनाचं उद्घाटन झालेलं आहे. आता त्यातलं काही काढता येणार नाही. उद्घाटन ज्याचं झालं ते एक आणि आत आहे ते दुसरंच, असं कसं चालेल?"

"पण साहेब, पाणी वाचवणारा माणूस आहे मी! ते पाणीसुद्धा पावसाचं होतं, पिंपातलं!"

"फोटोत तसं दिसत नाही. आणि मुळात फोटोतला माणूस तुम्हीच, याला पुरावा काय?"

मी चष्मा काढला, परत घातला. मान फिरवून कान दाखवले. त्यांनी टेबलावरच्या छोट्या प्रतीशी माझं तोंड ताडून पाहिलं आणि म्हणाले, "जरा हसून दाखवा."

मी हसलो.

"असं नाही. फोटोतल्यासारखं."

मी पुन्हा हसलो. शेजारच्या टेबलावरचा कारकून काम सोडून बघायला लागला. मी गाल ओढले, दात दाखवले, मान मागे टाकली. वाचकहो, फुकट हसणं किती अवघड असतं हे सरकारी टेबलासमोर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. शेवटी अधिकारी अगदी मऊ आवाजात म्हणाले, "काका, राहू द्या. हा माणूस तुम्ही नाही."

घरी येऊन हिला हे सगळं चढ्या आवाजात सांगितलं. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. मला वाटलं होतं, नगरपालिकेच्या नावाने खडे फोडण्यात साथ तरी देईल. ही म्हणाली, "खोटं नाही हो बोलले ते." आणि पुढचा टॉवेल घेतला.

इकडे इमारतीत माझ्या नावाचा बभ्रा झाला होता. वरच्या मजल्यावर एक निवृत्त बँक मॅनेजर राहतात. ते मला पहिल्यापासून पाण्यात पाहतात, कारण एकदा त्यांची आंघोळ चालू असताना मी वेळ झाली म्हणून पाणी बंद केलं होतं आणि साबण त्यांच्या डोळ्यांत गेला होता. नियम तो नियम. त्यांनी खाली फळ्यावर सुवाच्य अक्षरात सूचना लावली: 'रविवारी सर्वांनी वाहनतळात जमावे. विषय: मोटरची किल्ली योग्य हाती असण्याबाबत.' 'योग्य' या शब्दाखाली रेघ.

त्या रेघेने माझ्या तोंडचं पाणी पळालं. फोटो काय, आज आहे उद्या उतरेल. पण किल्ली गेली तर जिन्यात मला थांबवून कोण काय विचारणार? नुसता एक म्हातारा, हातात पिशवी घेऊन वर-खाली करणारा. रविवारच्या आत त्या भिंतीचा बंदोबस्त व्हायलाच हवा होता.

सल्ले मात्र उदंड आले. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मिशी ठेवा, कोणी ओळखणारच नाही." माझ्या मेव्हण्याने फोनवर सांगितलं की फोटोसमोर मोठी कुंडी नेऊन ठेवा. खुद्द मॅनेजरही जिन्यात भेटून म्हणाले, "माझं वैयक्तिक काही नाही हं. हा तत्त्वाचा प्रश्न आहे." ज्यांचं वैयक्तिक काही नसतं, त्यांच्यापासून मी चार हात लांब राहतो.

मी माहिती विभागात रोज जायला लागलो. शेवटी अधिकारी कंटाळले आणि त्यांनी वाट काढली. जुनं काढता येत नसलं तरी नवीन लावता येतं. तुमचा तो बादलीवाला फोटो त्याच मापाचा करून शेजारी लावू. बंद नळ हलवू. खाली हिरवी पट्टी, 'असे करा'. झालं समाधान? मी त्यांचे आभार मानले. मला एवढा आनंद झाला की मी हसलो, आणि ते चमकून म्हणाले, "अरे! तुम्हीच की काय?"

आता फोटो दोन झाले. डावीकडे मी पाणी उधळतोय, उजवीकडे मी बादलीशेजारी, सुतकी चेहऱ्याने. मी समाधानाने जरा लांब उभा राहून लोकांची ये-जा बघत होतो. एक गृहस्थ डावीकडचा फोटो बघून उजवीकडे गेले, मग मला बघितलं, आणि थेट येऊन माझे दोन्ही हात हातात घेतले.

"कसं सोडलंत?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"हे." त्यांनी डावीकडे मान केली. "सोपं नसतं हो. चेहऱ्यावरून कळतंय काय भोगलंय तुम्ही. माझ्या साडूंना तुमच्याकडे पाठवलं तर चालेल का? त्यांचं वेगळं आहे, पण तुमच्याशी बोलून धीर येईल."

मी सुधारलेला माणूस झालो होतो. ज्या वाटेने मी कधी गेलोच नव्हतो, त्या वाटेवरून परत आल्याबद्दल लोक माझं कौतुक करत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात हे ऐकलं होतं, पण आधी चोर ठरवून मग संन्यास घेतल्याबद्दल शाल पांघरतात हे मला नवीन होतं. पाणीखात्याच्या इंजिनियरांनी तर दोन शब्द बोलायची विनंती केली. मी उभा राहून ठासून सांगितलं की मी कधीच पाणी वाया घालवलेलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "अजून कबूल करायला जड जातंय बिचाऱ्याला."

पालथ्या घड्यावर पाणी! मी तणतणत व्यवस्थापिका बाईंकडे गेलो. त्यांनी माझं सगळं शांतपणे, माझ्या मागच्या भिंतीकडे बघत, ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमच्या मिसेसना विचारलंत का काय वाटतं ते? त्या रोज येतात."

"कोण, ही? ही तर दुपारी पाय मोकळे करायला जाते."

"इथेच मोकळे करतात. आत्ता आहेत बघा."

मी खांबाच्या आडून डोकावलो. भिंतीसमोर एक बाक आहे, त्यावर ही बसली होती. मांडीवर पर्स, चपला काढून पाय वर घेतलेले, घरच्यासारखी. बादलीवाल्या फोटोकडे तिची पाठ होती. ती डावीकडच्या माणसाकडे बघत होती आणि स्वतःशीच हसत होती. माझ्याकडे बघून ती अशी कधी हसली होती ते मला आठवेना. मला वाईट वाटलं. राग आला, तोसुद्धा कोणाचा, तर त्या पाइपवाल्या माणसाचा. वाटलं, पुढे व्हावं, शेजारी बसावं. पण तेवढ्यात आठवलं की मोटर चालू करायची वेळ झालीये. मी आलो तसाच मागच्या पावली निघून गेलो.

रविवारी सगळे वाहनतळात जमले. घरातून आणलेल्या खुर्च्या, कोणी स्कूटरवर टेकलेलं. मॅनेजरांनी 'जलव्यवस्थापन आणि चारित्र्य' यावर भाषण केलं. मी पिंप, पाऊस, फोटोग्राफर, माहिती विभाग असं सगळं सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. वारं माझ्या बाजूने फिरतंय असं मला वाटलं. आणि ही उठली.

ही चारचौघांत कधी बोलत नाही. त्यामुळे स्कूटरवर टेकलेलेसुद्धा सरळ उभे राहिले. ही म्हणाली, "मी एकच सांगते. या माणसाने जन्मात पाण्याचा थेंब वाया घालवला नाही. शपथेवर सांगते."

मी मॅनेजरांकडे बघितलं.

"पण किल्ली काढून घ्या त्यांच्याकडून."

मला वाटलं माझ्या कानांत बिघाड झाला. वहिनींनी "अगं बाई!" केलं.

"नाटकाला गेलो तर अर्ध्यातून उठायचं, टाकी भरली असेल म्हणून. बहिणीकडे राहायला बोलावते, तर हे सकाळी जाऊन संध्याकाळी परत. कुठे दोन घटका बसलं की यांचं लक्ष घड्याळात. घरात माणूस आहे पण त्याचा कान गच्चीवर. एकदा, फक्त एकदा यांनी पाणी उडवलं, तेही खोटं-खोटं. त्या दिवशी मला माझा नवरा दिसला. मी रोज तिकडे जाऊन बघून येते त्याला." मग तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "किल्ली पाळीपाळीने ठेवा. मॅनेजरसाहेबांपासून सुरुवात करा." आणि ती बसली.

मला राग आला होता, लाज वाटत होती, आणि नाकात काहीतरी चुरचुरत होतं. मी खिशातून किल्ली काढली आणि मॅनेजरांच्या हातात ठेवली. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. किल्ली माझ्याकडून काढून घ्यायची एवढंच त्यांनी ठरवलं होतं. ती घेऊन पहाटे उठायचं असतं, हे त्यांच्या भाषणात कुठेच आलं नव्हतं.

त्यानंतरचे काही दिवस मी हिच्याशी तुटकच बोलत होतो. सकाळी जाग यायची, हात खिशाकडे जायचा, खिसा रिकामा. मॅनेजरांच्या पाळीत व्हायचं तेच झालं. एका सकाळी टाकी भरून वाहायला लागली आणि आमच्या गॅलरीसमोरून पाण्याचा पडदा खाली कोसळायला लागला. मी चपला शोधायला धावलो.

"अहो, इकडे या आधी," ही गॅलरीतून म्हणाली.

"अगं, पाणी चाललंय!"

"चाललंय तर चाललंय. मॅनेजर बघतील. तुम्ही या."

तिने हात बाहेर काढून त्या धारेखाली धरला होता. मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. मीही हात धरला. गार होतं पाणी. मी तसा किती वेळ थांबलो ते सांगत नाही, माझी बदनामी होईल. मग मात्र मी पोटातून ओरडलो, "मॅनेजर! मोटर!" आणि वरून साबणाच्या आवाजात उत्तर आलं, "आंघोळीत आहे हो!" तेव्हा आम्ही दोघंही हसलो. मोठ्याने.

प्रदर्शन संपलं. लोकाग्रहास्तव उंदीर परत येणार होते, त्यामुळे भिंत रिकामी करायची होती. व्यवस्थापिका बाईंनी निरोप पाठवला की हवे असतील तर फोटो घेऊन जा. मी म्हटलं, नकोत. ही टेंपो घेऊन गेली आणि दोन्ही घेऊन आली. बाहेरच्या खोलीची अख्खी भिंत त्यांनी व्यापली. कपाट आता आतल्या खोलीत आहे आणि आतल्या खोलीत आम्हाला आडवं चालावं लागतं.

दुसऱ्या दिवशी चहाचा कप घेऊन बाहेर आलो तर काहीतरी वेगळं वाटलं. ते लक्षात यायला मला अर्धा चहा लागला. हिने दोन्ही पट्ट्या सोडवून पुन्हा चिकटवल्या होत्या. पाइपने पाणी उडवणाऱ्या माणसाखाली हिरवी पट्टी. आणि बादली घेऊन सुतकी तोंड करून उभ्या असलेल्या माझ्याखाली लाल: 'असे करू नका'.

पाहुणे येतात, बघतात, गोंधळतात. चूक झालीये, बदलून घ्या म्हणतात. ही चहा टाकायला आत निघून जाते आणि उत्तर द्यायला मला एकट्याला सोडते. पट्ट्या बदलायच्या तर अर्ज कोणाकडे करायचा, ते मला चांगलं माहीत आहे. मी केलेला नाही.